देवाला आवडली, असं मी म्हणाले होते

दत्तापुढे हात जोडायचं मी सोडलं, तो नेमका गुरुवार होता. अंघोळ करून नेहमीसारखी तसबिरीसमोर उभी राहिले, उदबत्ती लावायला काडी ओढली, आणि ती बोटापर्यंत जळत आली तरी हात पुढे झाला नाही. काडी विझवली आणि शाळेत गेले. रहिमतपूरला वडिलांच्या मांडीला मांडी लावून आरती म्हणायला शिकले, तेव्हापासून माझा एकही गुरुवार असा गेला नव्हता. नवरा गेला त्या महिन्यातसुद्धा सुतकात मनातल्या मनात नाव घेणं चालूच होतं. लोक म्हणायचे, बाईची श्रद्धा मोठी. मलाही तसंच वाटायचं. त्या दिवसानंतर पुढे जे घडलं ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही, कारण त्यात माझी चूक आधी सांगावी लागते. ती सांगितल्याशिवाय कृपेचं काही सांगता येत नाही, हे आता कळलंय, म्हणून लिहिते आहे.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, कवठेमहांकाळच्या पुढे माळावर एक वस्ती आहे. तिथल्या शाळेत मी शिक्षिका. दोन खोल्या, पहिली ते चौथी, मिळून एकवीस मुलं. दुसऱ्या शिक्षकांची बदली झाली होती आणि नवीन कुणी आलं नव्हतं, त्यामुळे चारही इयत्ता माझ्याकडेच होत्या. वस्ती धनगरांची. काहींनी आता डाळिंबं लावलीत, पण निम्म्या घरांतली कर्ती माणसं दसरा-दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात ती पावसाळ्याच्या तोंडाला परततात. मुलं मागं आजीजवळ राहतात. शाळेच्या वाटेवरच बिरोबाचं देऊळ आहे. जाता-येता मुलं पायरीला हात लावून पुढे जातात. मला मूलबाळ नाही. नवऱ्याला आठ वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. त्यानंतर या एकवीस मुलांत माझा दिवस जायचा आणि तो बरा जायचा.

त्यातली गौरी चौथीत होती. पुढचा एक दात अर्धा तुटलेला, त्यामुळे हसली की आधी तोच दिसायचा. एसटीच्या कंडक्टरची नक्कल अशी करायची की मीसुद्धा तोंडाला पदर लावून हसत असे. सकाळी मी हजेरी घ्यायच्या आत ती सगळ्यांना मोजून दारात उभी असायची आणि सांगायची, “बाई, आज एकोणीस. दोघं येत्यात मागनं.” भाद्रपदात तिला ताप आला. पहिले दोन दिवस घरच्यांनी तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलं, मग ती ओळख विसरायला लागली तशी मिरजेला नेलं. ताप मेंदूत गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी शिकस्त केली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

दुसऱ्या दिवशी मुलं प्रार्थनेला रांगेत उभी राहिली. गौरीची जागा कुणी घेतली नव्हती, मध्ये तेवढी फट राहिली होती. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणाले, “बाळांनो, गौरी फार गुणी होती. चांगली माणसं देवाला आवडतात. म्हणून देवानं तिला आपल्याजवळ नेलं.” हे वाक्य मी तिथं उभ्या उभ्या रचलेलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी माझ्या दारात आलेल्या प्रत्येक माणसानं मला हेच सांगितलं होतं आणि मी ते घट्ट धरून ठेवलं होतं. त्याच्या आधारानं उठत होते, स्वयंपाक करत होते, नोकरी करत होते. जे माझ्याजवळ होतं तेच मी मुलांना दिलं. मग बाकं जरा सरकवली, मधली फट बुजवली, गौरीची वही आणि दप्तर कपाटात ठेवलं. तिचं नाव वर्गात निघणार नाही याची काळजी घेतली. लेकरं आहेत, विसरतील, असं वाटलं.

गौरीच्या शेजारी बसायची ती कोमल. तीही चौथीत. वर्गात सगळ्यांत हुशार. तिची धाकटी बहीण पहिलीत होती, घरात आणि शाळेत सगळे तिला छकुलीच म्हणायचे. आईबाप मेंढरांमागं असले की कोमलच तिला न्हाऊ घालायची, वेणी घालायची, हाताला धरून शाळेत आणायची. गौरी गेल्यावर पंधरवड्यातच ही कोमल पालटली. दोघी रोज उशिरा यायला लागल्या. छकुलीचे केस पिंजारलेले, तोंड धुतलेलं नसायचं, कधी गालाला चक्क चिखल फासलेला. कोमलची गणितं एकजात चुकायला लागली. तिनं छकुलीच्या वहीची पानं फाडली, तिला शिव्या शिकवल्या. मी रागावले, समजावलं, बाहेर उभं केलं. ती खाली मान घालून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी तेच.

एका शुक्रवारी छकुलीनं सगळ्यांसमोर वीसपर्यंतचे अंक न अडखळता म्हटले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, “शाब्बास. किती गुणाची पोर आहे.” कोमल जागेवरून उठली, पुढे आली आणि तिनं छकुलीला दोन्ही हातांनी ढकललं. पोर बाकाच्या कडेवर आपटली, ओठ फुटला, रक्त आलं. मी कोमलच्या गालावर चापट मारली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी मुलांवर फार थोड्या वेळा हात उगारला असेल, आणि तो प्रत्येक वेळी मला आठवतो. कोमल रडली नाही. गाल धरून म्हणाली, “ती लय वाईट हाय, बाई. तिला कुणी चांगली म्हणू नका.”

मला त्यातलं काहीही कळलं नाही. मला वाटलं, मत्सर. त्याच दुपारी तिची आजी शाळेत आली. काठी दाराला टेकवून उंबऱ्यावरच बसली. “आवं बाई, पोरीला कायतरी बाधा झालीया. देवळापुढनं यायला नको म्हणतीया. बाभळीकडनं काट्याकुट्यातनं बारकीला वडत आणतीया. आईबाप दिसभर मेंढरं घिऊन रानात, म्या म्हातारीनं किती बघावं? दिवाळी झाली की हिला बापाबरुबर मेंढराकडं धाडती. शाळा ऱ्हाऊ दे.”

मी म्हणाले, “आजी, हुशार पोर आहे. शाळा सोडवू नका.”

“हुशार हुती,” आजी म्हणाली आणि काठी घेऊन उठली.

मेंढरांमागं गेलेली मुलगी पुन्हा शाळेत येत नाही, हे मला माहीत होतं. चौथीतून सुटलेल्या अशा पोरी मी पाहिल्या आहेत. त्या शुक्रवारी मला पहिल्यांदाच वाटलं की आपल्याच्यानं हे काम होत नाही. एक मूल मेलं, दुसरं हातातून चाललंय, आणि मी बाराखडी गिरवून घेते आहे. देवावरचा राग तर आठवडाभर आधीच, त्या गुरुवारी, काडीबरोबर बाहेर आला होता. भाऊ रहिमतपूरला असतो. तो केव्हापासून म्हणत होता, “बदलीचा अर्ज भर, साताऱ्याकडं ये, आपल्या माणसांत राहा.” मी त्याला फोन करून कळवलं की उद्या येते, अर्ज भरू.

शनिवारी सकाळची शाळा करून निघाले. वाटेत तपासायला म्हणून चौथीच्या पाच वह्या पिशवीत टाकल्या. मिरजेहून पॅसेंजर गाडी धरली. भिलवडी स्टेशनवर गाडी क्रॉसिंगला थांबली. अर्धा तास झाला तरी हलेना. लोक पाय मोकळे करायला खाली उतरले, मीही पाण्याची बाटली घेऊन उतरले. नळापाशी एक रिक्षावाला चार माणसं गोळा करून उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, “एक जागा हाय बाई, औदुंबरला येताय का दर्शनाला?”

मी नाही म्हणणार होते. औदुंबर म्हणजे दत्ताचं ठिकाण, वडील आम्हाला दरवर्षी तिथं न्यायचे, आणि त्याच देवाशी मी बोलणं टाकलं होतं. तरीही मी डब्यातली पिशवी घेऊन आले आणि रिक्षात बसले. का बसले याचं उत्तर मला आजही देता येत नाही. कदाचित अर्ज भरायला जायचं पाऊल जड झालं होतं, एवढंच असेल.

देवळात गेले. पादुकांसमोर उभी राहिले, बाकीच्यांनी हात जोडले, माझे हात पिशवीच्या बंदांवर तसेच राहिले. बाहेर येऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसले. कृष्णा पावसाळा संपवून गढूळ, संथ वाहत होती. करायला काही नव्हतं म्हणून वह्या काढल्या. वरची वही कोमलची होती.

दोन पायऱ्या वर एक सत्तरीच्या घरातल्या बाई बसल्या होत्या. हिरवं इरकली लुगडं, पायांत जाड चप्पल, शेतात राबलेले हात. थोडा वेळ माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “मास्तरीण हाय व्हय तुमी?”

मी हो म्हटलं.

“कितवीच्या वह्या?”

“चौथीच्या.”

“मी तेवढंच शिकले,” त्या म्हणाल्या आणि एक पायरी खाली सरकून बसल्या. “दर्शन झालं तुमचं? मी न्हाई आत गेले. आमी जैन, सांगलीकडचं. शेजारीण प्रदक्षिणा घालतीया, तिचं गुडघं धरत्यात म्हणून सोबत आले.”

मी मान डोलावली. मला बोलायचं नव्हतं. त्यांना मात्र माझ्या हातातली वही बघून काहीतरी आठवलं असावं. त्या नदीकडे बघत बोलायला लागल्या. मी त्यांना गौरीबद्दल, कोमलबद्दल एक अक्षरही सांगितलेलं नव्हतं, हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे.

“मी दुसरीत असताना बाप वारला माजा. हिरीचं काम चाललं हुतं, दरड आली अंगावर. जो ईल त्यो म्हणायचा, लय चांगला माणूस, द्येवाला आवडला. आता आमच्यात द्येव कुणाला न्यायला येतच न्हाई, ज्याचं त्याचं कर्म म्हणत्यात. पर शेजारपाजारचं आईकून आमची माणसंबी तसंच बोलायची. मी बारकी. मला वाटलं, म्हंजी चांगलं असलं की न्हेत्यात. आन आई तर बापापरास चांगली. मग म्या काय केलं ठाव हाय? आईला बस्तीत, म्हंजी आमच्या देवळात, जाऊच द्यायची न्हाई. दारात आडवी पडायची. आई कुणाला ताक द्याया लागली की भांडं सांडायची. चारचौघांत म्हणायची, ही लबाड हाय, ही वंगाळ हाय. माणसं म्हणली, पोरगी वाया गेली. मला वाटायचं, वरपतोर आईकू जाऊ दे.”

माझ्या हातातली वही तशीच उघडी राहिली होती. मी विचारलं, “मग?”

“मग आमचं गुरुजी. समद्यांनी मारलं मला, त्यांनी न्हाई मारलं. एक दिस जवळ बसून इच्यारलं, पोरी, तुला कशाचं भ्या वाटतंय? तवर कुणी इच्यारलंच नव्हतं. मी सांगितलं. तर म्हणले, तुजा बा का गेला ते मला न्हाई ठाव. पर चांगला हुता म्हणून न्हाई गेला. माती वली हुती म्हणून गेला. मधल्या सुट्टीत म्हयनाभर माज्या बाजूला येऊन बसायचे. बोलायचे न्हाईत काय. शेंगा खायाचे, चार मला द्याचे. साठ वर्सं झाली असतील. अजून शेंग फोडली की त्यांची याद येती.”

वरून कुणीतरी हाक मारली. त्यांची शेजारीण आली होती. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, “येते बाई,” म्हणाल्या आणि गेल्या. मी त्यांचं नावही विचारलं नाही.

मी वहीकडे पाहिलं. कोमलची गणितं. सहा गुणिले आठ, उत्तर पन्नास. मी लाल पेन टेकवलं आणि थांबले. पन्नासच्या खाली खोडरबरानं घासलेल्या जागेत पुसट अठ्ठेचाळीस दिसत होते. पुढचं गणित उजेडात धरलं. तिथंही आधी बरोबर उत्तर होतं, ते खोडून वर चुकीचं लिहिलेलं. पानामागून पान मी उजेडात धरत गेले. तिनं एकही गणित चुकवलं नव्हतं. सगळी आधी बरोबर सोडवून मग मोडून ठेवली होती. चिखलाचा गाल, शिव्या, बाभळीची वाट, फुटलेला ओठ, सगळं एका क्षणात समोर आलं. पोर बहिणीला लपवत होती, आणि स्वतःलाही. ज्या देवाची भीती वाटून लपवत होती, तो देव तिला मी दिला होता, प्रार्थनेच्या रांगेत, माझ्या तोंडानं.

मी परत देवळात गेले. या वेळी हात जोडले की नाही ते आठवत नाही. पादुकांपुढे डोकं टेकलं आणि ते बराच वेळ उचललं नाही. आठ वर्षांत मी नवऱ्यासाठी मोकळेपणानं रडले नव्हते. देवाला आवडलेल्या माणसासाठी रडायचं कसं, ते देवाला नाकारल्यासारखं होतं. त्या दुपारी मी रडले, गौरीसाठी, त्याच्यासाठी, कोमलच्या गालासाठी. आजूबाजूला माणसं होती, कुणी काही विचारलं नाही. एका बाईनं फक्त माझी पिशवी उचलून बाजूला, तुडवली जाणार नाही अशी ठेवली. मी काही मागितलं नाही. एवढंच म्हणाले, “मला काही कळत नाही. मी तुझ्या वतीनं बोलले, ते बोलायला नको होतं.”

बाहेर येऊन भावाला फोन केला की मी येत नाही, आणि मिरजेकडे परत फिरले.

सोमवारी सकाळी शाळा उघडली आणि बाभळीच्या वाटेवर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं दोघी आल्या. मला बघून कोमल थबकली आणि तिनं छकुलीला पाठीमागे घेतलं. छकुलीच्या ओठावर खपली होती.

मी खाली मातीत बसले. “कोमल, त्या दिवशी मी तुला मारलं. मारायला नको होतं. माझं चुकलं.”

तिनं छकुलीचा हात आणखी घट्ट धरला.

“तुला कशाची भीती वाटते गं?”

ती पायानं माती उकरत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “छकुलीला न्हेतील.”

“कोण?”

तिनं नाव घेतलं नाही. हनुवटीनं देवळाच्या झेंड्याकडे दाखवलं. आणि मग तिचा आवाज फुटला. “ती लय चांगली हाय, बाई. मी किती शिकवलं तरी वाईट हुईना.”

मी तिला जवळ ओढलं. ती ताठ होती, काठीसारखी. मी म्हणाले, “कोमल, ऐक. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. गौरी चांगली होती म्हणून नाही गेली. तिचा ताप मेंदूत गेला, औषध लागू पडलं नाही, म्हणून गेली.”

“मग द्येवानं न्हाई न्हेलं?”

“देवाचं मला माहीत नाही. पण चांगली आहे म्हणून तो कुणाला मारत नाही. हे मी आता कधीच म्हणणार नाही.”

“तुमाला पण ठाव न्हाई?”

“नाही. मला पण नाही.”

“छकुली मरणार न्हाई?”

शपथ घालून नाही म्हणावं असं फार वाटलं. पण खोट्या धीराचं काय होतं ते मी पाहिलं होतं. म्हणाले, “आज ती बरी आहे. ताप आला तर लगेच मला सांगायचं. मी माझ्या गाडीवरून दवाखान्यात नेईन. तू एकटीनं तिला राखायचं नाही, आपण दोघींनी बघायचं.”

तेव्हा ती सैल झाली आणि रडली. तिचं बघून छकुली रडली, आणि मग छकुली रडायचं विसरून माझ्या पदराशी खेळायला लागली. शाळेत आल्यावर कोमलनं तिला नळावर नेलं, तोंड धुतलं आणि स्वतःच्या केसांतला पिवळा बो काढून तिला लावला.

त्या दिवशी मी फळ्यावर काही लिहिलं नाही. सगळ्या मुलांना गोल बसवलं आणि कोमलला जे सांगितलं तेच त्यांना सांगितलं. गौरी वारली. ती परत येणार नाही. मी जे म्हणाले होते ते चुकीचं होतं. ज्याला जे विचारायचंय ते विचारा, मला येईल तेवढं सांगेन. तिसरीतल्या एका पोरानं विचारलं, “तिच्या बाटलीतलं पाणी म्या पिलो हुतो. मी मरतो का?” तो महिनाभर हे मनात घेऊन फिरत होता. आणखी एका मुलीला वाटत होतं, लपाछपीत गौरी पडली आणि आपण उठवलं नाही म्हणून तिला ताप आला. कुणी विचारलं, तिला दुखलं का. कुणी विचारलं, तिचं दप्तर कुठाय. ज्याचं उत्तर मला येत होतं ते साध्या शब्दांत दिलं. जे येत नव्हतं तिथं “मला माहीत नाही” म्हणाले. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. पाचव्या-सहाव्या वेळी हलकं वाटायला लागलं. मुलंही घाबरली नाहीत. बाईंना माहीत नाही, आपल्यालाही माहीत नाही, म्हणजे आपण सगळे एकाच चटईवर, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी कपाट उघडून दप्तर बाहेर काढलं. त्यांनी ते आळीपाळीनं मांडीवर घेतलं.

सगळं एका दिवसात सुधारलं नाही. कोमल कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत छकुलीच्या कपाळाला हात लावून बघायची, मग माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवली की खेळायला जायची. मी औदुंबरला ऐकलं होतं तसं रोज तिच्या बाजूला जाऊन बसत होते. बोलत नव्हते. गणितं बरोबर यायला दिवाळी उजाडली. आजीला मी दोनदा घरी जाऊन समजावलं. शेवटी ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे मग हितंच. आता सरळ वाटनं जात्यात दोगी, म्या बघितलं.” कोमल मेंढरांकडे गेली नाही. पुढे पाचवीला मोठ्या शाळेत गेली.

मुलांनी एक दिवस मला विचारलं, गौरीच्या आईला शाळेत बोलवायचं का? गौरीचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं, आणि शाळेची घंटा झाली की ती माउली आतून दार लावून घ्यायची, हे सगळी वस्ती जाणून होती. मला भीती वाटली. पण मुलांचं म्हणणं होतं, “तिला ठावच न्हाई गौरी शाळेत काय करायची. घरी कंडक्टर कुठं करायची ती?” मी निरोप धाडला. ती येईल असं वाटलं नव्हतं. ती आली. डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकून बसली आणि मुलं एकेक करून सांगायला लागली. गौरीनं एकदा सरड्याला तिकीट फाडून दिलं होतं. गौरी भाकरीची कड खायची नाही, छकुलीला द्यायची. गौरीनं वार्षिक परीक्षेच्या दिवशी सगळ्यांची नखं कापली होती, एकाचं बोटही कापलं होतं, त्यानं ते बोट दाखवलं. मुलं नक्कल करायला लागली आणि हसायलाही लागली. मी घाबरून आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर हसू होतं. लहानपणापासून मी देवळांत पुष्कळ बसले आहे. त्या खोलीत त्या तासाभरात जे होतं त्यासारखं मला देवळात क्वचितच भेटलं आहे.

सगळ्यांचं सांगून झालं. मला वाटलं, आता ती उठेल. तिनं पदरानं तोंड पुसलं, पाय जरा पसरून नीट बसली आणि मुलांकडे बघून म्हणाली, “अजून कुणाला काय आठवतंय का?”

बदलीचा अर्ज मी भरला नाही. गाडी त्या दिवशी का थांबली, रिक्षात एकच जागा का उरली, त्या बाई नेमक्या त्याच पायरीवर का होत्या, हे मी आता शोधत नाही. कुणी म्हणेल योग, कुणी म्हणेल योगायोग. मला दोन्ही शब्द पुरतात. आयुष्यभर मी देवाच्या मनातलं ओळखून लोकांना सांगत आले आणि त्यालाच भक्ती समजत आले. त्याच्या मनातलं त्याच्याजवळ राहू द्यावं आणि समोरच्या लेकराच्या शेजारी जाऊन बसावं, एवढं मला त्या मुलांनी शिकवलं. आता गुरुवारी तसबिरीसमोर उभी राहते. हात जोडले जातात. बोलायला फारसं काही नसतं. “तुला जे ठाऊक आहे ते तुझ्यापाशी असू दे,” एवढं म्हणते, आणि शाळेची वेळ होते म्हणून निघते.